तिच्याच शेपटीचा केस

माझ्या डाव्या हाताच्या अनामिकेवर तांदळाच्या कणीएवढा पांढरट डाग आहे. मी तिसरीत असताना तिथे चामखीळ होती. पाटी धरताना ती दुखायची आणि बाकावरच्या मुली माझा हात हातात घ्यायला नको म्हणायच्या, म्हणून आईनं एका सकाळी मला धरून आबांच्या ओट्यावर नेऊन उभं केलं.

आबा आमच्या नात्यातले कोणी नव्हते. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं घर, घराला लागून छपरी, आणि छपरीत घोडी. शहाद्याकडून प्रकाशा गावाला जाताना वाटेत जी गावं लागतात त्यातलंच आमचं एक. आसपासच्या पाच-सात गावांत नवरदेवाला मिरवायचं तर आबांचीच घोडी लागायची. पण लग्नसराई चार महिन्यांची. उरलेले आठ महिने लोक आबांकडे यायचे ते चामखिळीसाठी. घोड्याच्या शेपटीचा केस घट्ट बांधला की चामखीळ गळून पडते, हे आमच्याकडे कोणाला पटवून द्यावं लागत नाही. आणि केस कुठलाही चालत नाही, आबांच्याच घोडीचा लागतो, हेही गावानं आपल्या मनाशी पक्कं करून टाकलेलं होतं.

आबांचे त्यात नियम होते. आधी घोडीला गूळ द्यायचा. मग तिच्या मागे नाही, खांद्याशी उभं राहून, पाठीवरून हात फिरवत शेपटीपर्यंत जायचं. एकच केस उपटायचा. तो तुटला तर आज तिची मर्जी नाही, उद्या या. माझ्या वेळी पहिल्याच दिवशी अख्खा केस निघाला. आबांनी तो बोटाला आवळून दोन गाठी मारल्या आणि म्हणाले, ‘‘आठ दिवसमा पडी जाई. पाणीमा हात घालू नको.’’ मी आठ दिवस भांडी घासली नाहीत. चामखीळ नवव्या दिवशी पडली, आणि त्या एका दिवसावरून मी आबांशी जाऊन भांडले. ते हसत बसले.

हे सगळं सांगते, कारण पुढे मी शिकून जनावरांची डॉक्टर झाले आणि फिरून फिरून आमच्याच तालुक्याच्या दवाखान्यात आले. शिकताना त्वचेच्या गाठींवर परीक्षा दिली, पैकीच्या पैकी गुण मिळवले, आणि घोडीच्या केसाला मनातल्या मनात हसलेही. त्या केसानं माझं बोट बरं केलं होतं, एवढं मात्र सोयीस्कर विसरले.

मी परत आले तेव्हा ती थोरली घोडी गेलेली होती. तिची मुलगी छपरीत उभी होती. गडद तांबूस अंग, काळी आयाळ, सबंध शरीरावर पांढरा केस औषधाला नाही. आबा तिला ‘बाई’ म्हणायचे. आबांची बायको, आमची आजी, वारल्यावर आणि मुलगा सुरतेला कामाला लागल्यावर घरात बोलायला तीच उरली होती. सकाळी चहा पिताना आबा तिला गावातली सगळी खबर सांगायचे आणि ती कान हलवत ऐकून घ्यायची. मी एकदा विचारलं, ‘‘आबा, तिले काय समजस?’’ तर म्हणाले, ‘‘तुले समजस तितलंच.’’

लंपीचे दिवस होते ते. गायी-बैलांच्या अंगावर गाठी उठत होत्या आणि आम्ही गावोगाव लस टोचत फिरत होतो. माझा फोन गाठींच्या फोटोंनी भरून गेलेला. पहाटे पाचला फोटो, जेवताना फोटो. ‘ताई, ही लंपी आहे का?’ असं रोज वीस जण विचारायचे आणि मी चिडून उत्तरं द्यायची. माझा स्वभाव आधीच तापट, त्यात झोप नाही.

अशाच एका दिवशी आम्ही तोरणमाळचं लसीकरण आटोपून जीपनं खाली उतरत होतो. घाटात एका वळणावर रेंज येते. तिथे फोन थरथरायला लागला आणि त्यात आबांनी पाठवलेला फोटो होता, शेजारच्या सुनेकडून काढून घेतलेला. पुढच्या पायाच्या बगलेत, जिथून खोगिराचा तंग, पोटाखालचा पट्टा, आवळतात तिथे, बोराएवढी खरखरीत गाठ. मागोमाग फोन आलाच.

‘‘पोरी, बाईले काय व्हयनं, दख बरं.’’

मी पाहिलं. खरं सांगायचं तर पाहिलंही नाही, नजर फिरवली. लंपी नाही एवढं दिसलं आणि मला तेवढंच पुरे होतं. पुढचं वळण आलं की रेंज जाणार होती.

‘‘काही नही आबा, चामखीळ शे. घाबरू नका.’’

‘‘चामखीळ शे का? मंग काय!’’ त्यांच्या आवाजात केवढा तरी दिलासा होता. मलाही बरं वाटलं. एक फोटो निकालात निघाला.

त्यानंतर दीड-दोन महिने मी गल्लीच्या त्या टोकाला गेले नाही. गेले ते संक्रांतीचे तीळगूळ द्यायला. आबा ओट्यावर होते, पण नेहमीसारखे उठून छपरीकडे घेऊन गेले नाहीत. घोडीचा विषय काढला की तीळगुळाचं कौतुक करत होते. मी सरळ उठून छपरीत गेले.

बगलेत लिंबाएवढा लालभडक मांसाचा गोळा होता. त्याला खपली धरत नव्हती. माश्या बसत होत्या आणि घोडी पाय आपटत होती. गोळ्याच्या बुडाशी, कातडीत रुतलेला, काळा केस. तिच्याच शेपटीचा.

आबा मागून येऊन उभे राहिले. ‘‘तीन डाव केस बांधेल शे,’’ ते म्हणाले. ‘‘पडस नी परत येस. पह्यलेपेक्षा मोठी.’’

माझं डोकंच फिरलं. गल्लीतल्या बायका दारात येतील इतक्या मोठ्यानं मी ओरडले. अडाणीपणा म्हणाले, आणखीही काय काय म्हणाले, ते लिहायला आज लाज वाटते. शेवटी म्हणाले, ‘‘डॉक्टर कोन शे, तुम्ही का मी?’’

‘‘तूच शे,’’ आबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. ‘‘तूच ते सांगेल व्हतं, चामखीळ शे म्हनीसन.’’

ते बरोबर बोलत होते. चामखिळीवरचा इलाज त्यांना ठाऊक होता आणि त्यांनी तो केला होता. गावातल्या दोनशे बोटांवर जो चालला, तो स्वतःच्या घोडीवर चालेल असं त्यांना का वाटू नये? चूक गाठ बांधणाऱ्याची नव्हती, घाटातल्या वळणावर गाठीला नाव देणाऱ्याची होती. मी तिथेच कडब्यावर बसले. आबांनी मला पाणी आणून दिलं.

ती गाठ सारकॉइड होती, निदान मला तसं वाटत होतं. घोड्यांना होणाऱ्या कातडीच्या गाठींत हीच सगळ्यात जास्त दिसते. कॅन्सरचीच जात, पण पोटात, फुप्फुसात पसरून जीव घेणारी नाही. तिचा उपद्रव वेगळा. ती आपली जागा सोडत नाही. कापली, टोचली, आवळली, अर्धवट छेडली की चिडते आणि दुप्पट होऊन उठते. म्हणून लहान असताना तिला एकतर हात लावू नये, नाहीतर मुळासकट काढावी. आम्ही दोघांनी मिळून नेमकं मधलं केलं होतं.

आबांनी एकच विचारलं. ‘‘मरी जाई का?’’

‘‘नही.’’

‘‘मंग सांग, काय करानं.’’

करायचं काय, हे मला माहीत होतं, पण आमच्या दवाखान्यात त्याची सोय नव्हती. नुसती कापून भागत नाही. कापल्यावर उरलेलं मूळ गोठवून मारावं लागतं. त्या रात्री पुस्तकं उघडून बसले आणि सकाळी दवाखान्यात शिरताच मला हसू आलं. सोय तर कोपऱ्यातच उभी होती. गायी-म्हशींना भरवण्यासाठी वळूच्या रेताच्या कांड्या ज्यात ठेवतात ती द्रवरूप नायट्रोजनची टाकी. तिच्यातल्या थंडीनं बोट जळतं, तर गाठ का जळू नये? शहाद्याच्या एका लेथवाल्याकडून मी पितळेची दांडी करून घेतली, टोकाला चपटी, धरायला लाकडी मूठ.

टाकी घेऊन छपरीत गेले तेव्हा आबांनी ती ओळखली. ‘‘गायी भरवानी टाकी शे ना हाई? बाई गाभन ते नही व्हई ना?’’ मला इतकं हसू आलं की सुई भरताना हात थांबवावा लागला. महिन्याभरात आम्ही पहिल्यांदा एकत्र हसत होतो.

भुलीची सुई दिल्यावर घोडी उभ्या उभ्या पेंगायला लागली. खालचा ओठ लोंबला, मान उतरली, आणि तिनं डोकं आबांच्या खांद्यावर टाकलं. एवढं वजन त्या काटकुळ्या माणसानं अर्धा तास पेललं. मी गाठीभोवती बधिर केलं, आजूबाजूच्या कातडीला व्हॅसलीन चोपडलं, गोळा कापून फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला आणि दांडी टेकवली. जागा पांढरी कडक झाली. वितळू दिली. पुन्हा गोठवली. पुन्हा वितळू दिली. तीन वेळा. आबा सगळा वेळ तिच्या कानात काहीतरी पुटपुटत होते. आदल्या रात्री कोणाच्या घरी भांडण झालं त्याची खबर होती, हे मला नंतर कळलं.

बाटली मी बॅगेत ठेवली तेव्हा मात्र ते अडले. पडलेली चामखीळ तुळशीपलीकडे, उंबऱ्यापासून लांब पुरायची असते. मी म्हटलं, ही कॉलेजात जाणार, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून नाव पक्कं करणार. ‘‘आते नाव शोधतस का?’’ ते म्हणाले. त्यात टोमणा होता आणि तो मी मुकाट्यानं घेतला.

त्या दिवसांत एक मावशी चामखिळीसाठी केस मागायला आली होती. आबांनी तिला परत पाठवलं. ‘‘बाई आजारी शे. आजारी जीवना केस कोनी लेस का?’’

अहवालात नाव तेच आलं. सारकॉइड. त्याबरोबर आणखी एक ओळ होती, की कापलेल्या गाठीच्या कडा स्वच्छ नाहीत. म्हणजे मूळ मागे राहिलं असण्याची शक्यता. मी आबांना नाव सांगितलं. ही गाठ गायी-बैलांच्या चामखिळीच्या विषाणूनं होते, माश्या तो इकडून तिकडे नेतात, शेजाऱ्याचा चामखिळ्या बैल छपरीत बांधू देऊ नका, हेही सांगितलं. ते विचार करून म्हणाले, ‘‘म्हंजे चामखीळनी बहीनच शे ना?’’ मी म्हटलं, ‘‘सावत्र.’’ यावर ते बरेच खूष झाले. माझी अगदीच चूक नव्हती असं त्यांना ठरवायचं होतं, माझ्यासाठी. कडांची ओळ मी त्यांना दोन दिवसांनी सांगितली.

उन्हाळा-पावसाळाभर जखम भरत गेली. नवी कातडी आली, तिच्यावर बारीक केस उगवले, आणि ते पांढरे निघाले. गोठवलेल्या जागी रंग मरतो, तसंच होतं ते. आबा त्यावरून हात फिरवत राहायचे. दिवाळीच्या सुमारास मी बोट फिरवलं तर कडेला तुरीच्या दाण्याएवढं काही लागलं. दोन वेळा फिरवलं, तरी ते होतंच. मी आबांचं बोटही तिथे टेकवलं.

दिवाळीला मुलगा सुरतेहून आला होता. चांगला मुलगा आहे, बापावर जीव आहे. बाप एकटा राहतो, रात्री-अपरात्री काही झालं तर, याच काळजीनं तो पोखरलेला. त्याचं म्हणणं साधं होतं. आबांनी सुरतेला यावं. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, घोडी तिथे नेता येत नाही. म्हणून सारंगखेड्याच्या यात्रेत तिला विकावं. मार्गशीर्षात तापीकाठी तो घोडेबाजार भरतो आणि देशभरचे लोक घोडे पाहायला येतात. दाणा झुलीखाली दिसणार नाही, वर्ष-दोन वर्षं कदाचित वाढणारही नाही. मला बाजूला घेऊन तो म्हणाला, ‘‘ताई, खोटं बोला म्हणत नाही. तुम्ही फक्त काही बोलू नका.’’

मी काही बोलले नाही. इथेच लिहून टाकते, की त्यात मुलाविषयीची दया कमी आणि माझी सोय जास्त होती. ती घोडी दूर कुठेतरी गेली असती, तर माझी चूकही तिच्याबरोबर गेली असती. दर पंधरा दिवसांनी छपरीत जाऊन तिच्यासमोर वाकावं लागलं नसतं.

यात्रेत आमच्या खात्याचा तंबू असतो. मी तिथे होते. समोरच्या रांगेत, मुलाच्या शब्दाखातर, आबांनी घोडी उभी केली होती. न्हाऊ-माखू घातलेली, गळ्यात निळ्या मण्यांची माळ, पायांत घुंगरू, पाठीवर आजीनं शिवलेली आरशांची झूल. दुपारी गुजरातकडचा एक जण तिच्यापाशी रेंगाळला. त्यानं दात पाहिले, अंगावरचे भोवरे मोजले, तिला चालवून पाहिली. चाल बघून त्याचा चेहरा उजळला. मग तो आणि आबा जमिनीवर समोरासमोर बसले, आबांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि दोघांनी त्याखाली हात घातले. आमच्याकडे जुन्या माणसांचा सौदा असाच होतो. तोंडानं कोणी बोलत नाही. रुमालाखाली एक दुसऱ्याची बोटं दाबतो, त्यातून आकडा सांगतो, आणि बघणाऱ्यांना काही कळत नाही. दोनदा मान हलली, नाही. तिसऱ्यांदा समोरचा हसला. मुलानं सुटकेचा श्वास सोडलेला मला इतक्या लांबून दिसला.

आबांनी हात सोडला नाही. रुमालाखालचा तो हात तसाच धरून ते उठले, त्या माणसालाही उठावं लागलं, आणि त्याला घेऊन घोडीपाशी गेले. झूल वर केली. त्याचं बोट धरून बगलेत नेलं आणि त्या दाण्यावर टेकवलं.

‘‘हाई कॅन्सरनी गाठ शे,’’ ते मोठ्यानं म्हणाले. आजूबाजूच्या पाच-पंचवीस लोकांनी माना वळवल्या. ‘‘एक डाव काढेल शे, परत येस. गार करीसन बाळगनी पडस. बाळगशी का? बाळगशी ते ली जाय.’’

त्या माणसानं बोट काढून घेतलं. मग त्यानं आबांना हात जोडले, घोडीच्या मानेवर थाप मारली आणि गर्दीत निघून गेला. मुलगा डोकं धरून जमिनीवर बसला.

मी तंबूतून धावत गेले. काय बोलणार होते कोण जाणे. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘तू का बरं गप ऱ्हायनी?’’

मी घोडीची झूल सारखी करायला लागले.

‘‘एक डाव तू न दखता बोलनी,’’ ते म्हणाले, ‘‘एक डाव दखीसन गप ऱ्हायनी.’’

मी बाजाराच्या मधोमध, सरकारी ओळखपत्र गळ्यात घालून, रडले. ते मला आजवर कोणी बोललेलं सगळ्यात कठोर वाक्य आहे, आणि बोलून झाल्यावर त्यांनी त्याच रुमालानं माझे डोळे पुसले. रुमालाला घोडीचा वास येत होता. मग म्हणाले, ‘‘जाय, तुन्ही टाकी ली ये.’’

टाकी दुसऱ्या दिवशी छपरीत नेली. या वेळी मी कड सोडून चांगली दोन बोटं बाहेरपर्यंत गोठवलं, चार वेळा. घोडीचं डोकं एका बाजूनं आबांनी पेललं होतं, दुसऱ्या बाजूनं मुलानं. तो अजूनही रागावलेला होता, पण हात काढला नाही. सुरतेचा विषय त्या दिवशी निघाला नाही. नंतर एकदा निघाला, तेव्हा आबांनी त्याला चहा करून दिला आणि घोडीला सांगितलं, ‘‘आयकं का बाई, आपलाले तिसऱ्या माळावर बलावी ऱ्हायना.’’ आता मुलगाच दर महिन्याला येतो.

त्याला दोन यात्रा होऊन गेल्या. बगलेतला पांढरा ठिपका आता रुपयापेक्षा मोठा झालाय. नवरदेव बसतात, तंग थोडा मागे आवळावा लागतो एवढंच. केस मागायला लोक पुन्हा येऊ लागलेत. आबा देतात, पण आधी चामखीळ स्वतः नीट निरखतात, काळी पडलेली किंवा रक्त येणारी दिसली तर केस देत नाहीत, नंदुरबारला मोठ्या दवाखान्यात पिटाळतात. काही लोक त्यावरून कुरकुरतात.

माझ्यासाठी त्यांनी एक नियम केलाय. फोटो पाठवायचा नाही, पाहायचा नाही. महिन्यातून एकदा मी छपरीत जायचं. आधी गूळ, मग खांद्याशी उभं राहून पाठीवरून हात फिरवत खाली यायचं. आबांना आता नीट दिसत नाही, तरी ते माझा डावा हात धरतात, चाचपून अनामिका शोधतात, तीच, डागाची, आणि ती पांढऱ्या केसांत टेकवतात. मी कडेकडेनं हळू फिरवते. केस मऊ आहेत. खाली कातडी सपाट आहे.

‘‘काही नही, आबा,’’ मी म्हणते.

ते हात सोडत नाहीत.

‘‘परत लाव,’’ म्हणतात.